भिशीच्या पैशातला लॅपटॉप

आमच्या घरी गेल्या वर्षअखेरीस भिशी लागली. वाघोलीत केसनंद फाट्याच्या अलीकडे आम्ही राहतो, तिथल्या बारा बायकांची ही भिशी. महिन्याला चार हजार, म्हणजे नंबर लागला की अठ्ठेचाळीस हजार हातात. बायकोनं ती पुडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, ''तुमचं ते जुनं खोकं आता मोडीत काढा. नवीन घ्या. पण एकट्या तुमच्यासाठी नाही हं.'' कार्यक्रमांच्या मानधनाचे माझ्याकडे सात हजार होते. असे पंचावन्न हजार झाले आणि लॅपटॉप घ्यायचं ठरलं.

त्यानंतरचे दीड महिने मी जे शिकलो ते तुम्हाला सांगणार आहे. मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा, मराठी टाइपरायटरवर बोटं घासलेला माणूस आहे. पण पैसे मोजणारी बहुतेक माणसं माझ्यासारखीच असतात, आणि दुकानात उभं राहिल्यावर समोरचा मुलगा जे आकडे भराभरा सांगतो, ते ऐकून मान डोलवण्यापलीकडे आपण काही करत नाही. मी एकदा अशी मान डोलावलेली आहे. तिची किंमत काय पडली ते आधी सांगतो.

२०११ साली मी पहिला लॅपटॉप घेतला. विक्रेत्यानं झाकणावरचं चमकदार लेबल दाखवलं, ''सर, टॉपचा प्रोसेसर आहे'' म्हणाला, मी खूश झालो. टॉपच्या प्रोसेसरचं मी काय केलं? कविता टाइप केल्या. त्यासाठी बैलगाडी पुरली असती, मी रेल्वेचं इंजिन घेतलं होतं. आणि ज्या गोष्टींशी माझा रोजचा संबंध येणार होता, पडदा, कळफलक, हार्डडिस्क, त्या तिन्ही त्यात सुमार होत्या. पाचव्या वर्षी हार्डडिस्क एका रात्रीत गेली. सव्वाशेच्या आसपास कविता होत्या. निम्म्याअधिक मासिकांत छापून आल्या होत्या, काहींच्या छापील प्रती निघाल्या. तीस-पस्तीस कविता मात्र कायमच्या गेल्या. आठवून लिहायचा प्रयत्न केला, पण आठवून लिहिलेली कविता ही दुसरीच कविता असते.

म्हणून या वेळी दुकानात जायच्या आधी आम्ही तिघं जेवणानंतर बसलो आणि एका वहीत लिहून काढलं की या यंत्रावर कोण काय करणार. धाकटी मुलगी चित्रं काढते, पुस्तकांची मुखपृष्ठं करते. नुकती कुठं दोन-चार प्रकाशकांकडून कामं यायला लागलीत. बायको शिवणकाम करते; तिला गिऱ्हाइकांचा हिशेब ठेवायचा होता आणि भरतकामाचे नमुने मोठे करून बघायचे होते. मी लिहिणार, मराठीत आणि थोडं उर्दूत. शिवाय एक काम कितीतरी वर्षं पडून होतं. माझ्या अम्मीच्या आवाजातली जात्यावरची गाणी दोन कॅसेटींवर आहेत, तिच्या दख्खनी बोलीतली. ती कॅसेट दरवर्षी थोडी थोडी मरते. ती कॉम्प्युटरवर उतरवायची होती.

ही यादी म्हणजे निम्मी खरेदी. हे मी अतिशयोक्तीनं बोलत नाही. स्वस्त लॅपटॉपचा जगातला एक फार गाजलेला प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला होता, तो याच प्रश्नापासून सुरू झाला होता. निकोलस निग्रोपॉन्टे या अमेरिकी प्राध्यापकानं २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास खात्यानं २००६मध्ये नकार दिला. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात नावाच्या लहानशा गावात, एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांच्या हातात ती हिरवी-पांढरी यंत्रं आली. खैरात हा शब्द आमच्या घरात दानधर्माच्या अर्थानं रोज कानावर पडतो, त्यामुळे ते नाव वाचून मी थबकलो होतो. पण त्या यंत्रात दानापेक्षा विचार जास्त होता. मुलं अंगणात बसतील, म्हणून पडदा असा की भर उन्हातही वाचता यावा. धूळ उडेल, हात ओले असतील, म्हणून कळफलक रबरी, फटी नसलेला. वीज बेभरवशाची, म्हणून ते अगदी कमी विजेवर चालणारं. हार्डडिस्कच नाही, कारण पडलं तर तीच आधी फुटते. त्याऐवजी फक्त एक जीबीची फ्लॅश मेमरी. प्रोसेसर म्हणाल तर त्या काळच्या मानानंही गरीब. किंमत शंभर डॉलरवर काही राहिली नाही, १८८ डॉलरच्या घरात गेली, आणि आपल्या देशात तो प्रयोग पसरलाही नाही. शिक्षणाच्या दृष्टीनं त्यावर टीकाही पुष्कळ झाली, ती बरीचशी रास्त होती. पण यंत्र बनवणाऱ्यानं आधी वापरणाऱ्याचं अंगण बघितलं होतं, एवढं मात्र मला पटलं. आपण दुकानात नेमकं उलटं करतो.

आता पडद्यापासून सुरू करतो, कारण दुकानात त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी पैसे कुठे वाचवते? पडद्यावर. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे फुल एचडी, हा आता जवळजवळ सगळीकडे मिळतो. त्याहून कमी असेल तर घेऊच नका. पण ठिपके सारखे असले तरी रंग सारखे नसतात. माहितीपत्रकात कोपऱ्यात 'एनटीएससी ४५ टक्के' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, कॉम्प्युटरच्या जगात जी रंगांची नेहमीची मोजपट्टी आहे, एसआरजीबी, तिच्यातले साधारण पासष्ट टक्केच रंग हा पडदा दाखवू शकतो. अशा पडद्यावर डाळिंबी लाल विटकरी दिसतो. पत्र लिहिणाऱ्याला, सिनेमा बघणाऱ्याला फरक पडत नाही. चित्र काढणाऱ्याला पडतो. मुलीनं माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका कादंबरीचं मुखपृष्ठ केलं होतं. पडद्यावर फिका वाटतो म्हणून ती लाल रंग चढवत गेली, आणि छापून आलं तेव्हा मुखपृष्ठावरची बाई जणू गालाला गुलाल फासून आली होती. प्रकाशक भले, काही बोलले नाहीत. पुढचं काम मात्र दिलं नाही.

म्हणून तिनं एक युक्ती केली, ती मला फार आवडली. दुकानात जाताना ती पेनड्राइव्हवर एका जुन्या मुखपृष्ठाची फाइल आणि तेच छापील पुस्तक, दोन्ही घेऊन जायची. फाइल उघडायची, पुस्तक पडद्याशेजारी धरायचं आणि बघायचं. दुकानातली मुलं आधी हसली. नंतर त्यांच्यातलाच एक जण येऊन स्वतः बघायला लागला. छापील रंग आणि पडद्याचा रंग हुबेहूब कधीच जुळत नाही, कारण एक शाईचा असतो आणि एक उजेडाचा. पण चार पडद्यांवर तीच फाइल बघितली की कोणता किती खोटं बोलतो ते कळतं. पडदा थोडा तिरका करूनही बघा. बाजूनं बघताना रंग उलटे झाले, काळवंडले, तर तो जुन्या टीएन जातीचा. आयपीएस जातीचा पडदा बाजूनंही तसाच दिसतो. रेडिओवर हे सगळं बोलताना मला पडदा दाखवता येत नाही, ही अडचण आहेच. पण दुकानात जाऊन पाहाच.

दुसरी गोष्ट मेमरी. इथं दोन शब्दांचा घोळ होतो. रॅम म्हणजे काम करायचं टेबल आणि एसएसडी म्हणजे कपाट. कपाट ५१२ जीबीचं घरगुती कामाला पुरतं. कमी पडलं तर बाहेरून जोडता येतं. टेबल लहान पडलं तर मात्र रोज चिडचिड. विंडोज स्वतःच तीन-चार जीबी जागा अडवून बसतं, वर इंटरनेटच्या दहा खिडक्या. चित्राचं उदाहरण देतो. ए-फोर आकाराचं, छपाईच्या प्रतीचं एक पान म्हणजे २४८० बाय ३५०८ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एका थराला सुमारे ३५ एमबी. मुलगी एका मुखपृष्ठात सहज चाळीस थर वापरते, झाले १,४०० एमबी. त्याशिवाय 'मागे जा'साठी प्रोग्राम जुन्या पायऱ्या जपून ठेवतो, ते वेगळंच. आठ जीबीत हे रडतखडत चालतं. सोळा जीबीत सुखानं.

आणि विचारायचा खरा प्रश्न पुढे आहे. ''रॅम नंतर वाढवता येते का?'' पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीवर डाग देऊन पक्की बसवलेली असते. आठ जीबी घेतली तर मरेपर्यंत आठच. काहींमध्ये एक खाच रिकामी असते. हे माहितीपत्रकात असतं, विक्रेत्याला बहुधा माहीत नसतं. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या मोठमोठ्या सर्व्हरांच्या मागणीमुळे जगभर मेमरीचे भाव चढले, त्यामुळे 'पुढे बघू' म्हणणंही महागात जाऊ शकतं.

प्रोसेसरबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याचं कौतुक नको इतकं होतं. एकच सावधगिरी: नावावर जाऊ नका. एएमडी कंपनीच्या 'रायझन ५' मालिकेत ७५२० आणि ७५३० असे दोन प्रोसेसर आहेत. वाटतं, दहाचाच फरक. पण त्या पद्धतीत तिसरा आकडा रचनेचा असतो. २ म्हणजे 'झेन २', ही २०१९ची रचना. ३ म्हणजे त्यानंतरची. पहिल्यात चार गाभे, दुसऱ्यात सहा. आणि ७५२०बरोबर येणारी रॅम डाग दिलेलीच असते. दोन्ही खोक्यांवर 'रायझन ५' एवढंच ठळक. इंटेलमध्ये 'आय-फाइव्ह'पुढच्या आकड्यात पिढी लपलेली असते. ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. आठव्या पिढीतला आय-फाइव्ह हा दुसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा किती तरी पुढचा, पण जुन्या बाजारात आय-सेव्हन म्हटलं की गिऱ्हाईक फसतं. (जाता जाता, पेन्टियम हे नाव ज्या प्रोसेसरनं घराघरात पोचवलं, त्याच्या जडणघडणीतले विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला. आपल्याला उगाच बरं वाटतं.) गेम खेळायचे असतील, लांबलचक व्हिडिओ जोडायचे असतील, तरच वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या. नाहीतर तो पैसा पंखा फिरवण्यात जातो.

आता माझा विषय. मराठी.

लॅपटॉपवर मराठी लिहिता येतं का, असा प्रश्न आज कुणी विचारत नाही, कारण येतंच. पण ते येण्यामागे पुण्यात खूप काम झालेलं आहे. १९८८ साली इथं सी-डॅक स्थापन झाली. परम महासंगणकामुळे ती सगळ्यांना माहीत आहे, पण भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं 'जिस्ट'चं कामही तिथंच वाढलं. ज्याला आपण इन्स्क्रिप्ट म्हणतो तो कळफलक त्याच काळात भारतीय भाषांसाठी प्रमाण ठरला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मराठीत 'क' जिथं, तिथंच कन्नडचा 'क', तिथंच बंगालीचा. दोन आठवड्यांत बोटांत बसतो. मी टाइपरायटरवाला, म्हणून माझी बोटं रेमिंग्टन पद्धतीलाच चिकटलेली होती, पण मीही बदललो. मुलगी इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करते. ज्याची त्याची सवय.

माझ्या हरवलेल्या कवितांच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग इथं आहे. काही फाइली एका मित्राकडे सीडीवर सापडल्या होत्या. उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. कारण त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टमध्ये 'क' हा मुळात 'क' नसायचाच, इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या खुर्चीवर 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खुर्ची उरली. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ खुर्च्या आहेत, तिथं दुसरं कुणी बसत नाही. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेलं आज इथं, उद्या फोनवर, परवा लंडनला, सगळीकडे मराठीच दिसतं. आणि एकाच पानावर मराठी ओळ डावीकडून, तिच्याखाली उर्दू ओळ उजवीकडून, दोन्ही सुखानं नांदतात. हे माझ्यासाठी नवल होतं. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात. त्यांनी माझ्या अकरा कविता परत आणल्या, रफारांची थोडी मोडतोड करून.

पण आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या अक्षरजुळणी करणाऱ्यांपैकी काही जण अजूनही पेजमेकरवर काम करतात, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आहे. त्यांना युनिकोडची फाइल दिली की ते तोंड वेडंवाकडं करतात. म्हणून छपाईशी संबंध असेल तर तुमचा मुद्रक काय वापरतो हे लॅपटॉप घ्यायच्या आधी विचारा. बाकी घरच्या कामाला महागडे प्रोग्राम विकत घ्यायची गरज नाही. लिहायला लिब्रेऑफिस, चित्राला क्रिता, आकृत्यांना इंकस्केप, आवाजाला ऑडॅसिटी, ही सगळी फुकट आणि कायदेशीर. दुकानदार 'सगळं टाकून देतो' म्हणाला तर 'नको' म्हणा. चोरीचे प्रोग्राम हे विषाणूंचं माहेर असतं.

दुकानात एक परीक्षा मी घ्यायचो. मराठी कळफलक चालू करून 'दऱ्याखोऱ्या' लिहायचं आणि 'ॲप' लिहायचं. तो अर्धचंद्री र आणि अ-वरचा चंद्र, हे मराठीचं खास सामान. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. नव्या यंत्रांत दोन्ही नीट उमटतात. खरा फायदा वेगळाच. दहा ओळी टाइप केल्या की कळफलक कळतो. कळा फार उथळ आहेत का, मधोमध दाबल्या की खाली वाकतात का, मनगटाखाली तापतं का. लिहिणाऱ्या माणसानं यासाठी पाच मिनिटं मागून घ्यावीत. चपला घेताना आपण दोन पावलं चालून बघतोच ना?

कॅसेटीचा प्रश्न मात्र मला कुणीच सांगितला नव्हता. टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडायची, एवढं सोपं मी समजत होतो. आजच्या लॅपटॉपला एकच गोल भोक असतं, हेडफोन आणि माइक दोघांना मिळून. त्यातून आवाज आत घेतला तर तो माइकचा समजून एकाच कानाचा घेतला जातो, आणि टेपचा जोरकस आवाज फाटतो. उपाय स्वस्त आहे. यूएसबीला लागणारी एक छोटी डबी मिळते, 'लाइन-इन' असलेली. 'लाइन-इन' हा शब्द लक्षात ठेवा, नुसती माइकची डबी नको. म्हणजे यूएसबीची भोकं पुरेशी हवीत. अतिपातळ लॅपटॉपमध्ये ती दोनच असतात, एकात चार्जर.

आता नवा की जुना? नगर रस्त्यानं खराडीकडे गेलं की आयटी कंपन्यांच्या इमारती लागतात. या कंपन्या लॅपटॉप बरेचदा भाड्यानं घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. ते साफसूफ होऊन जुन्या बाजारात येतात. कचेरीसाठी बनवलेली ही यंत्रं अंगानं मजबूत असतात, कळफलक चांगला असतो, आणि मुख्य म्हणजे मागचं झाकण स्क्रू काढून उघडता येतं. रॅम बदला, बॅटरी बदला, धूळ काढा. वाघोलीत धूळ हा किरकोळ विषय नाही. एका बाजूला दगडखाणी आणि खडी, दुसऱ्या बाजूला रोज उठणाऱ्या नव्या इमारती. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं, पण धूळ काही महापालिकेत गेली नाही. लॅपटॉपचा पंखा ती सगळी आत ओढतो. गादीवर ठेवून वापरलात तर त्याचा श्वास कोंडतो. वर्षातून एकदा उघडून साफ करता येणं ही आमच्याकडे मोठी सोय.

जुन्या यंत्रात फसण्याच्या जागाही तितक्याच. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याच्या अलीकडची यंत्रं बाजारात पडत्या भावात आली. दहा-बारा हजारांत मिळतात म्हणून मोह होतो. लिनक्स वापरायची तयारी असेल तर त्यांचंही आयुष्य वाढतं, मराठीही त्यात उत्तम चालतं. पण कोरल-पेजमेकरवाल्यांनी तिकडे जाऊ नये. दुसरं, 'बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा' म्हणा. विंडोजमध्ये ती सोय आहे. बॅटरी नवी असताना किती वॅट-तास होती आणि आज भरली की किती भरते, हे दोन आकडे शेजारी येतात. पन्नासची बत्तीस झाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. तिसरं, मूळ कंपनीचं कुलूप राहिलं आहे का ते बघा; चालू करून, नव्यानं विंडोज टाकून दाखवायला सांगा. चौथं, बिल. त्यावर यंत्राचा क्रमांक हवा, नाहीतर चोरीचा माल निघायचा. आणि सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हे आधी विचारा. पंचवीस हजारांवर साडेचार हजार ही काही सुटी नाणी नव्हेत.

आमची गाडी शेवटी इथंच अडली. कळफलक, दणकटपणा, रॅम, यांत जुनी कचेरीची यंत्रं सरस. रंगांत मात्र त्यांचे पडदे बहुतेक त्या पंचेचाळीस टक्केवाले. नवीन घ्यावा तर चांगला पडदा आणि सोळा जीबी मिळून साठीच्या पुढे जात होतं. मी म्हटलं, हप्ता करू. बायको म्हणाली, ''माझ्या भिशीला हप्त्याची जोड नको.''

तोड मुलीनं काढली. ''अब्बा, मी चित्र काढते ते घरीच, टेबलावर. पडदा लॅपटॉपलाच चिकटलेला कशाला हवा?'' आणि खरंच, हे आम्हाला आधी सुचलं नव्हतं. दहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा, सोळा जीबीचा जुना लॅपटॉप अठ्ठावीस हजारांना मिळाला. चोवीस इंची, आयपीएसचा, एसआरजीबीचे जवळजवळ पूर्ण रंग दाखवणारा स्वतंत्र मॉनिटर साडेदहा हजारांना. नवी बॅटरी ३,८००, बाहेरून जोडायची एक टीबीची हार्डडिस्क ५,२००, ती कॅसेटीसाठीची डबी १,२००. एकूण ४८,७००. हे आमच्या घराचं गणित आहे. तुमचा मुलगा कॉलेजात रोज पाठीवर घेऊन जाणार असेल तर हे निरुपयोगी. त्याला हलका, नवा, वॉरंटीवाला, आणि चार-पाच तास खरोखर चालणाराच घ्या. कुणाला ॲपलचा मॅकबुक एअर जुन्या साठ्यात सवलतीत मिळाला तर पडदा आणि बॅटरी दोन्ही उत्तम, फक्त आठ जीबीचा घेऊ नका, आत नंतर काहीच घालता येत नाही.

बाहेरची हार्डडिस्क तुम्हाला चैन वाटेल. मी ती लॅपटॉपच्या किमतीतच धरली. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळं तिच्यावर उतरवतो, शिवाय कविता ई-मेलनं स्वतःलाच पाठवतो. तिघांच्या फाइली तीन फोल्डरांत. बायकोच्या फोल्डरचं नाव 'ब्लाऊज' आहे आणि त्यात माझ्या दोन कविता कशा गेल्या ते मला माहीत नाही.

पहिल्या रविवारी कॅसेट लावली. एक तासाची कॅसेट सीडीच्या प्रतीनं उतरवली तर सहाशे एमबीची फाइल होते; ती न बिघडवता लहान करणारा एक प्रकार आहे, फ्लॅक नावाचा, त्यात ती निम्म्याच्या आसपास आली. दुसऱ्या बाजूला गाण्याआधी बराच वेळ नुसती जात्याची घरघर आहे. ऑडॅसिटीत आवाज साफ करायची सोय असते, खरखर निवडून काढून टाकता येते. मुलीनं जात्याच्या घरघरीवर निशाण लावलं आणि विचारलं, ''हे काढू?'' मी नको म्हटलं.

सहा हजार तीनशे उरले होते, ते बायकोनं मागून घेतले. मॉनिटरच्या खोक्याचा जाड पुठ्ठाही घेतला, आणि बाहीचं माप काढायला कापला.